पंचवीसची केबल, ऐंशीचा फ्यूज आणि मामाचा हात

माझ्या मामाला आमच्या शेडमध्ये सगळे 'लोखंडी' म्हणायचे आणि त्याला ते जाम आवडायचं. वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला आम्ही रुमालात गुंडाळून धरायचो. हा बाबा उघड्या मुठीत धरून खुशाल गप्पा हाणत बसायचा. कोणी नवीन गिऱ्हाईक आलं की सुतारकाका मुद्दाम मामाच्या हातात गरम पेला द्यायचे आणि म्हणायचे, "बघा, बघा आमचा लोखंडी!" सगळे हसायचे. मी तर सगळ्यांत मोठ्याने, कारण मला हळू हसता येतच नाही.

शेड आमची तिघांची. साधी मालवाहू गाडी आत यायची आणि बाहेर पडताना तिच्यात घर असायचं. पलंग, ओटा, छोटा फ्रिज, खिडक्यांना पडदे. कपाटं सुतारकाकांची, गाद्या आणि पडदे माझे, वायरिंग मामाचं. अशा गाडीत बॅटऱ्या दोन. एक पुढे, इंजिन चालू करायला. दुसरी मागे पलंगाखाली. फ्रिज, दिवे, पंखा सगळं तिच्या जिवावर. गाडी धावत असताना पुढची वीज मागे न्यायची आणि मागची बॅटरी भरायची, हे काम चार्जरचं. पुढून मागे जाणारी ती केबल आणि तिच्यावरचे फ्यूज हा मामाचा प्रांत. तिथे कोणी नाक खुपसलेलं त्याला खपत नसे. स्वतःच्या जावयाने खुपसलं, त्यालाही त्याने सोडलं नाही.

ताईची, म्हणजे मामाच्या मुलीची गाडी आम्ही गेल्या महिन्यात घेतली होती करायला. तिचे यजमान, आमचे दाजी, शाळेची मिनीबस चालवतात. सुट्टी लागली की बायको आणि छोटीला घेऊन गाडीतच राहायचं, वाट फुटेल तिकडे जायचं, असं त्यांचं किती दिवसांचं चाललं होतं. उत्साहाच्या भरात दाजींनी केबलसाठी पत्र्याला भोक पाडलं ते बारीक पडलं. मग काय, केबलच बारीक करायची!

"बाबा, दहा चौरस मिलिमीटरची टाकू," दाजी म्हणाले. "चार्जर पन्नास अँपियरचा. दहाची केबल पन्नास सहज नेते. मी वाचलंय."

मामाने चष्मा कपाळावर चढवला. मी शिवण थांबवली. असा चष्मा चढला की पुढचं ऐकण्यासारखं असतं.

"जावईबापू, अंतर किती धरलंत?"

"पुढच्या बॅटरीपासून पलंगापर्यंत."

"आणि गेलेली वीज पलंगावर आडवी होते वाटतं? परत कोण येणार, तुमचे आजोबा? जायचं आणि यायचं, दोन्ही मोजा. एवढ्या लांब पल्ल्यात बारीक केबल टाकलीत तर वाटेतच व्होल्ट गळतात. मग चार्जर तेवढंच काम करायला आणखी करंट ओढतो आणि केबल तापते. पंचवीसची टाका. भोक मोठं करा."

"बरं. मग फ्यूज पन्नासचा."

"झालं! अहो, पन्नास बाहेर देणारा चार्जर आत पन्नासाहून जास्त घेतो. पन्नासचा फ्यूज पहिल्या चढावर उडेल. तुम्ही वैतागून शंभराचा बसवाल, तो उडाला तर दीडशेचा, आणि मग फ्यूज सोडून केबलच जळेल. फ्यूज चार्जरसाठी नसतो, केबलसाठी असतो. चार्जरच्या ओढीपेक्षा वर आणि केबलच्या सोसण्यापेक्षा खाली. ऐंशीचा घ्या. आणि दोन घ्या."

"दोन कशाला?"

"कारण बॅटऱ्या दोन आहेत! मध्ये कुठे केबल चिरडली तर वीज दोन्हीकडून धावत येईल. पुढे एक, मागे एक, अगदी बॅटरीला लागून."

दाजींचं तोंड एवढंसं झालं. ताई माझ्या कानात म्हणाली, "आमच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा एवढी घासाघीस झाली नव्हती." पण भोक मोठं झालं, केबल पंचवीसची गेली, फ्यूज ऐंशीचे लागले. हे मी मुद्दाम सांगतेय. मापात कुठेच चूक नव्हती. मला आजही कोणी म्हणालं की म्हाताऱ्याचा हिशेब चुकला, तर मी त्याचं तोंड फोडीन.

मापं झाली, जोडणी झाली की मामाची शेवटची परीक्षा असायची. मागची बॅटरी मुद्दाम रिकामी करायची, इंजिन चालू करायचं, चार्जर पूर्ण जोरात लावायचा. मग मामा केबलवर तळहात टेकवून पुढून मागे सरकत यायचा. प्रत्येक जोडावर, फ्यूज बसतो त्या प्रत्येक होल्डरवर हात ठेवून निवांत थांबायचा. हाताला सोसलं तर गाडी बाहेर, नाही तर पुन्हा उघडा. हल्ली लांबूनच तापमान दाखवणारं यंत्र मिळतं, बटण दाबलं की आकडा. मी म्हटलं होतं, घे की एक. तर म्हणे, "का? माझा हात काय गहाण पडलाय?" ताईच्या गाडीचीही परीक्षा हातानेच झाली. "थंडगार!" मामाने ओरडून सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी सकाळी ताई, दाजी आणि छोटी निघाली. छोटी तीन वर्षांची, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली. आदल्या दिवशी हौसेने फ्रिज, पंखा, दिवे सगळं लावून बसले होते, त्यामुळे मागची बॅटरी पार उतरलेली. मामा खूश. "आज चार्जर कसा घाम गाळेल बघा," म्हणाला. छोटीने पलंगावर बसून खिडकीतून हात हलवला. तळ्याकाठी जेवायला थांबणार होते.

ती गेल्यावर आम्ही एका दंतवैद्याची गाडी हातात घेतली. तिचीही परीक्षाच राहिली होती. इंजिन चालू, शेडचं दार सताड उघडं. मामा गाडीच्या फरशीवर कपाटाला टेकून बसला होता, हात बाकाखाली फ्यूज होल्डरवर. मी समोर बसून बाकाच्या गादीला टाचण्या लावत होते. मामाची टकळी चालू होती. ताईने किती सामान भरलं, दोन जीव आणि एक चिमुरडी, त्यांना चार बादल्या कशाला लागतात, वगैरे. मध्येच मला वास आला. आधी वाटलं, माझ्या मशीनची मोटर. पण मशीन बंद होतं.

"मामा, वास येतोय."

"नव्या पॉलिशचा असेल. काकांना सांग, लांब जाऊन मारत जा."

खाली पडलेली टाचणी उचलायला मी बाकाखाली हात घातला आणि माझी बोटं त्याच्या हातापलीकडे होल्डरला लागली.

आई गं! मी जी किंचाळले, ती सुतारकाका बाहेरून धावत आले. तीन बोटांची टोकं भाजली. मी हात झटकतेय, तोंडात बोटं घालतेय, डोळ्यांतून पाणी.

"काय गं टाचणी, टोचली का?" मामा हसत म्हणाला. तो मला टाचणीच म्हणतो.

"भाजलं! तो होल्डर पेटलाय नुसता!"

"काहीतरीच तुझं. माझा हात आहे की त्याच्यावर. थंडगार आहे."

आणि खरंच, त्याचा हात होता त्याच्यावर. पूर्ण तळहात, सपाट, आरामात टेकलेला. मला क्षणभर काही समजेना. मग मी त्याचं मनगट धरून हात खेचून बाहेर काढला आणि उजेडात उलटा केला.

तळहाताचं मधलं कातडं पांढरं पडून फुगलं होतं. कडेला तांबडं, आणि एका ठिकाणी होल्डरच्या प्लास्टिकचा काळा डाग चिकटलेला. सुतारकाका "अरे देवा, अरे देवा" एवढंच म्हणत राहिले. आणि मामा? तो त्या हाताकडे असा बघत होता की जणू मीच कुठून तरी दुसऱ्याचा हात आणून त्याच्यासमोर धरलाय.

"हे कधी झालं?" त्याने मला विचारलं.

मी इंजिन बंद केलं. त्याला ओढत नळाखाली नेलं. एका धारेखाली माझी बोटं आणि त्याचा तळहात. मी कळवळत होते, तो शांत. मला त्या शांतपणाची भीती वाटली. मी काय केलं, कुर्त्याला खोचलेल्या टाचणीने त्याच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचलं. आधी हळू, मग चांगलं जोरात. थेंब आला रक्ताचा. तो नळाकडे बघत होता.

तेवढ्यात मामी डबे घेऊन आली. हात बघितला आणि तिच्या हातातली पिशवी खालीच गेली. तिला काय झालं ते सांगितलं, तर ती मटकन स्टुलावर बसली.

"वर्ष झालं," मामी म्हणाली. "अहो, वर्ष झालं हे गॅसवरचं पातेलं उघड्या हाताने उतरवतात. मी शेजारणीला कौतुकाने सांगते, आमच्या ह्यांना सांडशी लागतच नाही म्हणून!"

"डॉक्टर पायांचं म्हणाले होते," मामा म्हणाला. "साखर आहे, तिने पाय बधिर होतात, मुंग्या येतात का बघत जा, म्हणाले. हातांचं कुठे काय बोलले?"

मी चिडले. भयंकर चिडले. डॉक्टरवर, मामीवर, त्या चहाच्या पेल्यावर, सगळ्यांवर. तोंडाला येईल ते बोलत सुटले. मामा ओल्या हातानेच दंतवैद्याच्या गाडीत शिरला, बाकाखाली वाकला आणि आम्हाला बोलावलं. "काका, या नटाला हात लावून बघा. निवलाय आता."

काकांनी दोन बोटांनी नट फिरवला. फिरला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी!

"सैल जोड," मामा म्हणाला. "फ्यूज उडणारच नाही. करंट वाढला तर फ्यूज उडतो. इथे करंट तेवढाच आहे, फक्त जोड तापतोय. केबल बरोबर, फ्यूज बरोबर, आणि तरी..." तो थांबला. "नट आवळताना बोटांना कळायला लागतं, आता बसला म्हणून. मला वाटलं, बसला."

माझ्या डोक्यात अजून दंतवैद्याचीच गाडी होती. मामीच्या डोक्यात आधी शिरलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मग लेकीच्या गाडीचे नट कोणी आवळले?"

रिकामी बॅटरी. सकाळपासून चार्जर पूर्ण जोरात. मागचा होल्डर बरोब्बर पलंगाखाली, आणि पलंगावर फोमची गादी, माझ्याच हातची. त्या गादीवर छोटी.

फोन लावला. ताई उचलेना. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे मामानेच तिच्या डोक्यात हाणून बसवलेलं. दाजींचा लागेचना. मामी देवाचं नाव घेत पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होती. सुतारकाकांनी आपली पिकअप काढली, त्यात फळ्या तशाच, वर मामाची हत्यारांची पेटी, आणि आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो. तळ्याकडे जाणारा रस्ता एकच, एवढं नशीब. मामा मध्ये बसला होता, हाताला मामीची ओढणी गुंडाळलेली. आख्ख्या वाटेत तो एकच वाक्य बोलला. "खिडक्या उघड्या ठेवा म्हणायला हवं होतं." ते त्याने तीनचारदा म्हटलं. मी त्याच्या हातावरची ओढणी सावरत होते.

प्रत्येक वळणावर मला धूर दिसत होता. कुठे शेतात पाचोळा जळत असला तरी मी खिडकीतून बाहेर वाकून बघायचे.

तळ्याच्या अलीकडे, एका पेट्रोल पंपाशेजारी, झाडाखाली ताईची गाडी उभी दिसली. शाबूत! दाजी बाहेर उभे राहून पेरू खात होते. आम्हाला चौघांना पिकअपमधून धडपडत उतरताना बघून त्यांना हसूच आलं. "अरे वा, आमच्यावाचून करमेना का?"

"छोटी कुठाय?" मामी ओरडली.

"झोपलीय आत. का?"

मी दाजींना ढकलूनच आत घुसले. आत अत्तरासारखा उग्र गोड वास भरला होता, आणि त्याच्या खाली तोच. मला ओळखीचा झालेला तोच. छोटीला उचलून ओट्याशी उभ्या ताईच्या कडेवर दिली आणि गादी उलटी केली. खालच्या अंगाला, मी इतकं मन लावून शिवलेल्या कापडावर, ताटाएवढा तपकिरी डाग. मधोमध कापड कडक होऊन चिरलेलं आणि आतला फोम पिवळा पडून आत बसलेला. त्यावर हात ठेवला तर गादी अजून गरम होती.

"हा वास..." मी गादीकडे बोट दाखवलं. "हा वास आला नाही तुम्हाला?"

"आला की," दाजी म्हणाले. "नव्या गाडीचा असतो ना. म्हणून तर सुगंधी फवारा मारला." आणि मग त्यांना डाग दिसला. हातातला पेरू गळून पडला. शाळेची पोरं रोज नेणारा माणूस, एरवी कशाला डगमगत नाही, तो दोन्ही हातांनी तोंड झाकून पायरीवर बसला. ताईने छोटीला इतकी घट्ट धरली की ती जागी होऊन रडायला लागली.

मामा आत आला नाही. दारात उभं राहून त्याने सांगायला सुरुवात केली. आवाज एकदम कोरडा. आधी पुढचा फ्यूज काढा, मग मागचा, दोन्हीकडून वीज तोडल्याशिवाय कोणी काही उघडायचं नाही. दाजींनी फ्यूज काढले. होल्डर एका बाजूने वितळून वाकला होता. जोडाचा नट दाजींनी बोटाने फिरवून बघितला. त्यांनी तो मामाला दाखवला, आणि मामाने मान हलवली.

मामाच्या पेटीत नवा होल्डर होता. जळकं टोक कापायचं, नवा जोड दाबायचा, नट आवळायचा. ताईने पाना बापाच्या हातात द्यायला पुढे केला. त्याने हात मागे घेतला.

"टाचणी, तू आवळ."

"मी? मामा, मी गाद्या शिवते!"

"तुझ्या बोटांना कळतंय ना? मग तूच."

भाजलेल्या बोटांनी मी आवळलं. तो दारातून विचारत होता, "पाना अडला का? हाताला कसं लागतंय? दगडासारखं की रबरासारखं?" मी सांगत होते. "अजून थोडं. आता?" "आता दगड." "बस." दाजींनी केबल ओढून बघितली, मी बघितली, सुतारकाकांनी बघितली. मग मामाने इंजिन चालू करायला लावलं आणि आम्हा सगळ्यांना आळीपाळीने होल्डरवर हात ठेवायला लावला. बराच वेळ. प्रत्येकाला विचारलं. स्वतः ठेवला नाही.

मग तो झाडाखाली गेला आणि फोन काढला. वर्षभरात आमच्या शेडमधून गेलेल्या एकेका गाडीच्या मालकाला लावायला लागला. मी जवळ जाऊन उभी राहिले, कारण नंबर दाबताना त्याची बोटं भलतीकडे पडत होती. मीच लावून त्याच्या ओढणी गुंडाळलेल्या हातात देत होते.

"हो, मीच. तुमच्या गाडीचं वायरिंग केलेला," तो सांगत होता. "गाडी चालू करू नका. दोन्ही फ्यूज काढून ठेवा, दुसऱ्या कोणाकडून सगळे जोड आवळून घ्या. नाही, नाही, केबल बरोबर आहे. फ्यूजही बरोबर आहे. माझा हात बरोबर नाही."

हेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कोणी ओरडलं असेल, कोणी शिव्या दिल्या असतील. तो फक्त "हो" म्हणायचा. मला फोन हिसकावून त्या लोकांना झापावंसं वाटत होतं, आणि झापायला तोंड तरी कुठे होतं आम्हाला?

ताईने छोटीला खाली सोडलं. रडून झालं होतं तिचं. सगळे एवढे का घाबरलेत हे तिला कळत नव्हतं, पण आजोबा एकटे उभे आहेत एवढं कळलं असणार. ती तुरुतुरु झाडाखाली गेली, त्याच्या पायाला टेकली आणि त्याच्या चांगल्या हाताची दोन बोटं आपल्या मुठीत गच्च पकडून उभी राहिली.

मामाचं बोलणं संपलं. त्याने फोन कानावरून खाली घेतला आणि इकडे तिकडे बघितलं. गाडीकडे, पंपाकडे, ताईच्या रिकाम्या हातांकडे. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"अगं, छोटी कुठे गेली?" तो घाईने म्हणाला. "रस्ता आहे इथे. कोणीतरी बघा, कुठे गेली पोरगी?"

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. ताईने तोंडावर पदर धरला. छोटीने मान वर करून त्याची बोटं हलवली, मग दोन्ही हातांनी ओढली.

"बघा ना कोणीतरी!" मामा ओरडला.

शेवटी मीच म्हटलं, "मामा, खाली बघ."